डॉक्टर 'आपल्यातला' असावा का?

गेल्या महिन्यात आत्याच्या पित्ताशयात खडे निघाले. सोनोग्राफीचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, "फोंडा, मडगाव, पणजी, कुठंही चालेल. चांगला सर्जन कोण आहे?" तासाभरात अकरा नावं आली. त्यातल्या सहा नावांपुढे एकच शिफारस होती, "आपलाच माणूस." त्या माणसाने अशी किती ऑपरेशनं केलीत, रात्री काही बिघडलं तर तो स्वतः येतो का, हे कुणीच लिहिलं नव्हतं. मी स्वतः एक नाव सुचवलं होतं. त्यावर एका मामेभावाने वेगळा मेसेज केला, "तो किरिस्तांव ना? आत्याला चालेल?"

हा प्रश्न मला तेव्हा खटकला. पण मामेभाऊ कोत्या मनाचा नाही, आणि त्याला आत्याची काळजीच होती. असे प्रश्न घरोघरी विचारले जातात. हिंदूंच्या घरात विचारतात, ख्रिस्तींच्या घरात विचारतात, मुसलमानांच्या घरातही विचारतात. म्हणून त्याला रागावण्यापेक्षा हा प्रश्न मुळापासून उलगडून बघावा असं वाटलं.

बांगडा, मानकुराद आणि सोनं

बाजारात बांगडा घेताना आपण कल्ला उचलून बघतो. लाल असेल तर ताजा. पैसे देण्याआधीच निकाल लागतो. मानकुराद आंब्याचं तसं नाही. तो घरी नेऊन कापल्यावरच कळतो. फसलो तर पुढच्या खेपेला त्या बाईच्या पाटीकडे वळायचं नाही, एवढा उपाय आपल्या हातात असतो.

सोनं मात्र वर्षानुवर्षं गळ्यात घातलं तरी किती कॅरेटचं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तर आपल्याकडे घराण्याचा शेट, म्हणजे सोनार, ठरलेला असायचा. अशा वस्तूंना आणि सेवांना अर्थशास्त्रात एक नाव आहे. मराठीत त्याला 'विश्वासावरचा माल' म्हणता येईल. म्हणजे असा माल, जो वापरून झाल्यावरही तो चांगला होता की वाईट हे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. डॉक्टर, वकील, सीए, गाडीचा मेकॅनिक हे सगळे यात येतात. ताप पाचव्या दिवशी उतरला. तो औषधाने उतरला की उतरायचाच होता? खटला हरलो. वकील कच्चा होता की आपली बाजूच लंगडी होती?

सोन्याच्या बाबतीत २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. आता दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो आणि तो मोबाइलवर तपासता येतो. घरच्या शेटवरचा विश्वास जे काम करत होता, ते बऱ्याच अंशी आता शिक्का करतो. डॉक्टरचा असा शिक्का शोधायला आपल्याला शिकवलेलंच नाही. मग हाताशी असेल ती खूण आपण वापरतो. आडनाव, गाव, देवस्थान, इगर्ज (चर्च), मशीद.

त्या एका खुणेत आपण तीन प्रश्न बांधून टाकतो. याचा हात कुशल आहे का? याची दानत साफ आहे का? आणि माझं जगणं याला समजेल का? हे तीन प्रश्न सुटे केले की गुंता बराच सुटतो.

हाताचं कौशल्य: हा प्रयोग गोव्यात आधीच झालाय

१५६७ मध्ये गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. ख्रिस्ती माणसाने बिगर-ख्रिस्ती वैद्याकडे जाऊ नये, असं तिने ठरवलं. डॉक्टर धर्म बघूनच निवडायचा, असा चक्क नियम. मागे पोर्तुगीज सत्ता होती आणि १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालयही होतं. याहून कडक अंमलबजावणी काय असणार?

आता पुढचं ऐका. लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात, खुद्द आर्चबिशपच्या नोकरीत होता. त्याने लिहून ठेवलंय की इथले हिंदू वैद्य पोर्तुगिजांवरही उपचार करतात, आणि व्हाइसरॉय, आर्चबिशप, पाद्री हे सगळे आपल्या देशबांधवांपेक्षा या वैद्यांवर जास्त भरवसा ठेवतात. बंदी घालून जेमतेम वीस वर्षं झाली होती. इथल्या हवेतले ताप, इथली हगवण, इथली झाडपाला-औषधं ज्याला ठाऊक, त्याच्याकडेच माणूस जाणार. जीव कंठाशी आला की आर्चबिशपनेही नियमाकडे पाहिलं नाही.

आजही हिशेब तोच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात सुमारे ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिस्ती आणि ८ टक्के मुसलमान आहेत. साध्या सर्दीसाठी धर्माची चाळणी लावली तरी डॉक्टर मिळतील. पण लहान मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन किंवा मेंदूतली गाठ असेल, तर अख्ख्या राज्यात ते काम करणारे हात मुळातच मोजके. त्यातूनही चाळायला लागलो तर चाळणीत काय उरणार? आणि बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता स्ट्रेचरवर माणूस नेला, की ड्यूटीवर जो असेल तो आपला डॉक्टर.

कौशल्याच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या विचारता येतात. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि प्रिस्क्रिप्शनवर असलाच पाहिजे, असा नियम आहे. तो वाचावा. हे ऑपरेशन तुम्ही महिन्यातून किती वेळा करता, असं विचारलं तर चांगला सर्जन रागावत नाही. निदान मला तरी रागावलेला भेटला नाही.

दानत: आपलेपणाचा सापळा

"आपला माणूस फसवणार नाही" हे वाक्य आमच्या काकांनी दहा वर्षांपूर्वी उच्चारलं. त्यांच्याच सत्संगात येणारा एक एजंट होता. तो घरी येई, चपला बाहेर नीट जोडून ठेवी, आधी देवघरासमोर हात जोडी आणि मग फाइल उघडी. काकांनी निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग त्याच्या योजनेत गुंतवला. दोन वर्षं व्याज आलं, मग फोन लागेनासा झाला. पैशापेक्षा काकांना दुसरंच लागलं. ते सत्संगाला जायचेच बंद झाले.

ज्याच्याशी आपली श्रद्धा जुळते, त्याला आपण कमी प्रश्न विचारतो. ठगाला नेमकं हेच हवं असतं. ही पद्धत जगभर चालते आणि कुठलाही धर्म तिला अपवाद नाही. अमेरिकेत बॅप्टिस्ट ख्रिस्ती मंडळींच्या नावाने चालणारी ॲरिझोनातली एक संस्था १९९९ मध्ये बुडाली, तेव्हा ११,०००हून जास्त गुंतवणूकदार अडकले. २००८ मध्ये उघडकीला आलेल्या बर्नार्ड मेडॉफच्या घोटाळ्यात अनेक ज्यू संस्था आणि धर्मादाय निधी होरपळले. मेडॉफ स्वतः ज्यू होता. २०१९ मध्ये बंगळुरूच्या आय मॉनेटरी ॲडव्हायझरीने हलाल गुंतवणुकीच्या नावाखाली हजारो मुसलमान कुटुंबांचे पैसे बुडवले.

धर्म पाळणारी माणसं अप्रामाणिक असतात, असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट अनेकांची सचोटी त्यांच्या श्रद्धेतूनच येते. पण ती श्रद्धा आपल्याला बाहेरून दिसत नाही. बाहेरून दिसतो तो टिळा, क्रूस किंवा टोपी, आणि ती कुणालाही घालता येते.

समजून घेणं: इथे मात्र श्रद्धेचा खरा संबंध येतो

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. "आपला डॉक्टर हवा" म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे ते इथेच.

दीर्घ आजाराची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंत देशांतही सरासरी ५० टक्केच आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये नोंदवलं होतं. म्हणजे निम्म्या रुग्णांच्या बाबतीत उत्तम निदान आणि उत्तम औषध घरातल्या डब्यातच पडून राहतं. ज्या डॉक्टरचं आपण ऐकतो तो डॉक्टर खरोखरच जास्त गुणकारी असतो. आता ऐकणं जर आपलेपणातून येत असेल, तर आपलेपणा बघायला नको का?

अमेरिकेत ओकलंड शहरात या प्रश्नावर एक नेटका प्रयोग झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो धर्माबद्दल नव्हता, वर्णाबद्दल होता, एवढं लक्षात ठेवून वाचा. कृष्णवर्णीय पुरुषांपैकी काहींना कृष्णवर्णीय आणि काहींना दुसऱ्या वर्णाचे डॉक्टर दिले. भेटीआधी डॉक्टरचा फोटो दाखवून विचारलं, कोणत्या तपासण्या करून घ्याल? तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. प्रत्यक्ष भेट झाल्यावर मात्र कृष्णवर्णीय डॉक्टर मिळालेल्यांनी मधुमेह, कोलेस्टेरॉल अशा तपासण्या जास्त प्रमाणात करून घेतल्या. म्हणजे चेहरा बघून काही बदललं नाही, जे बदललं ते खोलीतल्या बोलण्यातून.

आत्याच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. तिला मधुमेह आहे. शेवटी आम्ही गेलो तो सर्जन दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतला, ख्रिस्ती. ऑपरेशनआधी साखर आटोक्यात आहे का हे बघताना त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "माय, तुमी उपास करतात?"

"एकादस आनी संकश्टी," आत्या म्हणाली.

"त्या दिसा ही गुळी घेतात?"

आत्या घेत होती. ती ग्लिमेपिराइडची गोळी. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. उपाशीपोटी घेतली तर साखर फार खाली जाऊ शकते. मग घाम सुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. आत्याला एकादशीच्या दुपारी हे सगळं होत होतं आणि उपवासाचा शीण म्हणून ती आडवी पडत होती. सहा वर्षं ती ज्या डॉक्टरकडे जात होती तो आमच्याच समाजातला, स्वतः एकादशी करणारा. त्याने कधी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नसावी, कारण "हे तर ठाऊकच आहे" असं दोघांनीही धरून चाललेलं. जुन्या गाठीभेटींमुळे ज्याने विचारायला हवं होतं त्याने विचारलं नाही. ज्याला आमचे उपवास माहीत नव्हते, त्याने विचारलं.

रमजानचे रोजे करणाऱ्या मधुमेही रुग्णालाही हाच धोका असतो. औषधाची वेळ आणि मात्रा उपवासाआधी डॉक्टरशी बोलून ठरवायची असते, आपल्या मनाने गोळी बंद करायची नसते.

असे आणखी मुद्दे आहेत आणि ते नाजूक आहेत. बहुतेक कॅप्सूलचं वरचं कवच जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं. रक्त पातळ करणारं हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. हृदयाची झडप बदलताना गायीच्या किंवा डुकराच्या ऊतींपासून बनवलेली झडप वापरली जाते. दुसरा पर्याय यांत्रिक झडपेचा, पण तिच्यासोबत रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे लोक रक्त चढवून घेत नाहीत. हे ज्याला महत्त्वाचं वाटतं त्याने डॉक्टरला आधी सांगावं. कॅप्सूलऐवजी पुष्कळदा गोळी मिळते. इन्सुलिनही पूर्वी गायी-डुकरांपासून काढावं लागे, पण १९८२ पासून जनुकीय तंत्राने बनवलेलं मानवी इन्सुलिन उपलब्ध आहे, त्यामुळे ती अडचण मिटली. यासाठी डॉक्टर आपल्या धर्माचा असावाच लागतो असं नाही. त्याने विचारायला हवं आणि आपण संकोच न करता सांगायला हवं.

आणि भाषा! आत्याला इंग्रजीत सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि काही कळलं नसतं. सासष्टीची कोंकणी आणि आमची कोंकणी यांत हेल वेगळा, काही शब्द वेगळे, पण "गुळी" म्हटलं की गुळीच. धर्म एक आणि भाषा दोन अशी जोडी घ्यायची, की भाषा एक आणि धर्म दोन? दवाखान्यात मी दुसरी घेईन.

आपलेपणा आड येतो तेव्हा

याची दुसरी बाजू बायकांना जास्त ठाऊक असते. गोवा लहान आहे. फोंड्यात गाडी उभी केली तर कुणाची ते चार जण सांगतात. लग्न न झालेल्या मुलीला गर्भनिरोधकाबद्दल विचारायचं असेल, कुणाला नवऱ्याच्या दारूबद्दल बोलायचं असेल, तर जत्रेत आईला भेटणाऱ्या डॉक्टरसमोर तोंड उघडत नाही. माझी एक मैत्रीण याच कारणाने वास्कोला, पूर्ण परक्या डॉक्टरकडे जात असे. जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडायचा, पण तिथे तिला मोकळं बोलता यायचं.

रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरवर बंधनकारक आहे, समाज कोणताही असो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आणखी एक कलम आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. वैद्यकीय कारण असेल तेव्हा नसबंदी, संततिनियमन, सुंता किंवा गर्भपात यांना केवळ धार्मिक कारणावरून डॉक्टरला नकार देता येत नाही. ते काम आपल्याला जमत नाही असं वाटलं तर गोष्ट वेगळी. धर्म, राष्ट्र, वंश किंवा पक्ष रुग्णाच्या आड येऊ देणार नाही, असं वचन तर डॉक्टर नोंदणीच्या वेळीच देतो.

मन मोकळं करायला तरी आपल्या श्रद्धेचा माणूस नको का?

हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. समुपदेशनात बोलणं हेच औषध असतं. ज्याच्या दुःखात "देवाने माझं का ऐकलं नाही" हा प्रश्न आहे, त्याला समोरचा हसेल अशी धास्ती असेल तर तो बोलेल कसा?

१९९२ मध्ये अमेरिकेत नैराश्य असलेल्या श्रद्धाळू ख्रिस्ती रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला. त्यांच्या श्रद्धेला सामावून घेणारी उपचारपद्धत वापरली. ती काही श्रद्धाळू तर काही अश्रद्ध थेरपिस्टांनी चालवली. अश्रद्ध थेरपिस्टांच्या रुग्णांना फायदा कमी झाला नाही, उलट सर्वांत चांगले निकाल त्यांच्याकडेच दिसले. एका लहान अभ्यासावरून नियम काढू नये. पण श्रद्धा असणं आणि दुसऱ्याच्या श्रद्धेला जागा देता येणं ही दोन वेगळी कसबं आहेत, एवढं त्यातून दिसतं. तरीही कुणाला स्वतःच्या धर्माचाच समुपदेशक हवा असेल, तर मी त्याला अडवणार नाही. तिथे मोकळेपणाच उपचाराचा निम्मा भाग असतो.

वकील

इथे गोव्याची गोष्ट देशाहून निराळी आहे. वारसा आणि लग्नानंतरची मालमत्ता यांचे आपले नियम १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आले, आणि ते साधारणपणे सगळ्या धर्मांना सारखे लागू होतात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, प्रत्येकाचा अर्धा वाटा. मुलं असतील तर मृत्युपत्राने स्वतःच्या वाट्यातला अर्धाच भाग मनाप्रमाणे देता येतो. वारसाहक्काचा २०१२ चा गोव्याचा कायदा २०१६ पासून लागू आहे, आणि वाटणीसाठी कोर्टात जी कार्यवाही, म्हणजे इन्व्हेंटरी, चालते ती हिंदू घरातही तशीच, ख्रिस्ती घरातही तशीच. काही अपवाद आहेत. जुन्या हिंदू रूढींची १८८० ची संहिता आहे, चर्चमधल्या विवाहाचे नियम आहेत. पण ते अपवाद वाचून कळतात, त्यासाठी त्या धर्मात जन्मावं लागत नाही. ज्या वकिलाने पन्नास इन्व्हेंटरी चालवल्या, तो आमच्या देवस्थानचा महाजन आहे की नाही हे मी विचारणार नाही.

"पण भेदभाव होतोच की!"

होतो. नाकारण्यात अर्थ नाही. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात उत्तर प्रदेशातल्या मेरठच्या एका खासगी रुग्णालयाने, मुसलमान रुग्णांनी निगेटिव्ह रिपोर्ट घेऊनच यावं, अशी जाहिरात दिली होती. नंतर गुन्हा नोंदला गेला, रुग्णालयाने दिलगिरी व्यक्त केली. अशा बातम्या वाचलेली एखादी मुसलमान बाई आपल्या समाजातल्या डॉक्टरकडे जाते, तेव्हा ती सुरक्षितता शोधत असते. ग्रुपवर "अमक्यांच्या दवाखान्यात जाऊ नका" अशी यादी फिरवणारा मात्र बहिष्कार घालत असतो. या दोघांना एका तराजूत तोलणं मला मान्य नाही.

भेदभाव झाला तर राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. मानसिक आजाराच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यातच धर्मावरून भेदभाव न करण्याची तरतूद आहे. स्त्री रुग्णाची तपासणी पुरुष डॉक्टर करत असेल तेव्हा दुसरी स्त्री हजर असावी, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता यावं, आपले कागद आपल्याला मिळावेत, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. हे हक्क ज्याला ठाऊक आहेत त्याला परक्या दवाखान्यात पाऊल टाकताना कमी भीती वाटते.

कौलाचं काय केलं

आत्याला ऑपरेशनआधी देवीला कौल लावायचा होता. तिने तो आधीच्या एका डॉक्टरपासून लपवला असता. या सर्जनला तिने स्वतःच सांगितलं, अगदी पाकळ्या कशा लावतात इथपासून. त्याने कॅलेंडर बघितलं. खडे आज त्रास देत नाहीत, आठवडाभर थांबायला हरकत नाही, म्हणाला. मग प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने पित्ताशय काढलं, त्यात तीन ठिपके काढले आणि एक खडा नळीत उतरला तर काय होतं ते बाणाने दाखवलं. उजव्या बरगडीखाली न थांबणारं दुखणं, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे. यातलं काही झालं तर त्याच घटकेला हॉस्पिटल, मग कौल मिळालेला असो वा नसो.

गाडीत बसल्यावर आत्याने मामेभावाला फोन लावला. डॉक्टरचं आडनाव तिने सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. कागद उलटा धरून ती तीनही खुणा त्याला त्याच क्रमाने सांगत होती, आणि तिसरी सांगताना आरशात स्वतःचे डोळे बघत होती.